डी-एन-वाय की जी-एन-वाय

नीटच्या अर्जातल्या चुका दुरुस्त करायला 2025 साली 9 ते 11 मार्च असे तीनच दिवस मिळाले. शेवटच्या संध्याकाळी आम्ही पिरंगुटला, लवळे फाट्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसलो होतो: मुलगी, तिचे वडील आणि मी. "बाई, तुम्ही एकदा नजर घाला," म्हणून त्यांनी मला घरून गाडीवर आणलं होतं. दुरुस्ती एकदाच करता येते, हे पोरीने तोवर तीनदा सांगून झालं होतं. लवळ्याच्या टेकडीवर सिम्बायोसिसचं मुलींचं मेडिकल कॉलेज आहे. फाट्यावर आल्यावर तिकडे बघायचंसुद्धा तिने टाळलं.

तिचं नाव 'ज्ञ'ने सुरू होतं. पुढचं सांगत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर ते डी-एन-वाय, आधार कार्डावर जी-एन-वाय. आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीत 'ग्य'. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर. त्यात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. आणि ते डी-एन-वाय माझंच. बोर्डाचे फॉर्म भरायचे तेव्हा वर्गातल्या सगळ्यांची स्पेलिंगं मी मधल्या सुट्टीत, डबा बाजूला सारून ठरवली होती. ढमाल्यांना एका कागदावर 'ए' जास्त, दुसऱ्यावर कमी. मोहोळांच्या 'ळ'ला तर इंग्रजीत जागाच नाही. पालकांनी दाखवलेल्या जागी सह्या केल्या. त्या अक्षरांना पुढे एवढं वजन येईल, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं.

"फॉर्मला दहावीचंच नाव. आधार नंतर सुधारून घ्या," दुकानातला मुलगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. दिवसभर तो हेच सांगत असावा. मग तो थांबला. "काका, जातीच्या दाखल्यावर तुम्ही बाळू आहात. इथे बाळासाहेब?"

"आधी बाळूच होतो. ग्रामपंचायतीला निवडून आलो, मग झालो बाळासाहेब."

आम्ही हसलो; पोरगी नाही. राज्याच्या 85 टक्के जागांच्या प्रवेशाला कागद तपासतात, तेव्हा बाळू आणि बाळासाहेब एकच, असं प्रतिज्ञापत्र जवळ असलेलं बरं, असं त्याने सुचवलं. कायमचं नाव बदलायचं तर राजपत्र. वडिलांनी दोन्ही शब्द तळहातावर लिहून घेतले.

मी प्रवर्ग बघितला, जन्मतारीख बघितली, बोटांचे ठसे उजव्याच्या जागी उजवे आहेत ना ते बघितलं. चुकलं असतं तर खरा त्रास तिथे होता. फोटोत दोन्ही कान दिसत होते. पोरीचं बोट मात्र पत्त्यावर अडलेलं. मारुती मंदिराजवळ, यातलं 'टेंपल' तिने एल-ई ऐवजी ए-एल असं लिहिलं होतं.

"दादा, यावरून रद्द करतील?"

"देवळावरून कुणाचं एमबीबीएस जात नाही गं."

तरी तिने ते बदलून घेतलं. अर्ज पुढे सरकेना. चकती फिरत राहिली आणि वडील दर मिनिटाला मोबाईलवर वेळ बघत राहिले. शेवटी ओटीपी आला. त्यांनी तीन प्रती काढायला सांगितल्या. एक फाइलला, एक घरी. तिसरी कशाला, ते त्यांनाही सांगता येईना. गाडीला किक मारेपर्यंत पोरगी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली उभी राहून तीच वाचत होती, एकेक अक्षर, ओठ हलवत.