मेकॅनोचा परदेशचा व्यापार



खेळण्यांचा व्यापार हा विषय कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु व्यापार कसा वाढतो व कशानें खुंटतो, हें मुलांस समजावून देण्यास मेकॅनोसारखें दुसरें उदाहरण क्वचित् सांपडेल.

इंग्लंडांतील लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्न्बी यांनीं १९०१ सालीं या खेळण्याचें पेटंट घेतलें. मेकॅनो हें नांव १९०७ सालीं पडलें. धातूच्या अरुंद पट्ट्या, चाकें, सळया, नट आणि बोल्ट एवढाच संसार. पट्टीवरील भोकें मात्र एकमेकांपासून बरोबर अर्ध्या इंचावर. हें माप कायम राहिल्यामुळें जुन्या पट्टीस नवें चाक बसे. लहान पेटीस पूरक पेटी जोडली, कीं ती वरच्या क्रमांकाची होई. शिवाय रचना चित्रांनीं दाखविलेली. त्यामुळें इंग्रजी न जाणणाऱ्या मुलाचेंही अडत नसे. परदेशांतील खपाचें मर्म यांत आहे.

आतां अडचणी पाहूं. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि कंपनीचा जर्मनींतील धंदा हातचा गेला. पुढें तेथील मेर्क्लिन कारखाना त्याच धर्तीच्या पेट्या स्वतः करूं लागला. अमेरिकेंत १९२२ च्या सुमारास न्यू जर्सी प्रांतांत कारखाना काढला; पण गिल्बर्ट यांचें 'इरेक्टर' हें खेळणें तेथें अगोदरच रुजलेलें होतें, आणि त्याच दशकाच्या अखेरीस तो धंदा गिल्बर्ट यांच्याकडे गेला. दुसऱ्या महायुद्धांत धातु युद्धसामग्रीकडे वळली व खेळण्याचें उत्पादनच थांबलें.

आमच्या दिंद्रुडकडची अडचण निराळी होती. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत मोडे. मुंबई बंदरांत उतरलेल्या विलायती मालावर एक जकात, आणि राज्याच्या हद्दींत शिरतांना करोडगिरी ही दुसरी. असें दोन नाक्यांवरून यावयाचें खेळणें कुणब्याच्या मुलाच्या हातीं कोठून पडणार? स्वातंत्र्यानंतर परकी चलन वांचविण्यासाठीं भारतानें अशा मालाच्या आयातीवर कडक निर्बंध घातले. पुढें 'मेकॅनिक्स' या नांवानें त्याच जातीच्या पेट्या भारतांतच होऊं लागल्या.

लिव्हरपूलचा बिन्स रोडवरील कारखाना १९७९ सालीं बंद पडला. फ्रान्समधील कॅले येथील कारखाना बंद करण्याचा निर्णयही २०२३ सालीं जाहीर झाला.

तरी या वस्तूस केवळ खेळणें समजूं नये. १९३४ सालीं मँचेस्टर विद्यापीठांत हार्ट्री व पोर्टर यांनीं मेकॅनोचे भाग जुळवून अवघड गणितीं समीकरणें सोडविणारें यंत्र उभें केलें. केंब्रिज येथें केलेलें तशाच प्रकारचें यंत्र पुढें न्यूझीलंडला गेलें.

म्हणून शिक्षकबंधूंस व पालकांस एक सूचना आहे. शाळेसाठीं किंवा घरीं अशी पेटी घ्यावयाची असेल, तर वरच्या चित्रास भुलूं नका. भोकांमधील अंतर मोजा, बोल्टची जाडी पहा, आणि सुटे भाग पुढें मिळतील काय, हें दुकानदारास विचारा. एक बोल्ट हरवतांच जी पेटी अडगळींत जाते, ती स्वस्त असली तरी महागच. आणि जींत दरवर्षीं चार भाग वाढवितां येतात, ती एकाच पेटीवर शाळेच्या कित्येक तुकड्यांचे हात तयार करील.