काका बॅप्टिस्टा आणि ठाण्याच्या किनाऱ्यावरचे इटलीचे धागे

मराठी राजकारणाच्या इतिहासात 'काका' या घरगुती नावाने ओळखले गेलेले बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांची आठवण बहुधा लोकमान्य टिळकांचे सहकारी, होमरूल चळवळीचे अध्यक्ष आणि मुंबईचे एक नगरनेते एवढ्यापुरतीच निघते. त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावातील म्हातारपाखाडी या जुन्या वस्तीत झाला असला, तरी त्यांचे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील भाईंदरजवळच्या उत्तन गावचे होते. म्हणूनच त्यांचा विचार मुंबईच्या आधी ठाण्याच्या किनाऱ्यावरून सुरू करणे अधिक योग्य ठरते. त्यांचे आडनाव पोर्तुगीज आणि पंथ कॅथलिक असला, तरी ज्या समाजात ते जन्मले तो कोळी, आगरी, कुणबी, भंडारी अशा इथल्याच जातींतून घडलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा समाज होता. या समाजाचा ख्रिस्ती वारसा पोर्तुगिजांपासून सुरू होतो असे सर्रास गृहीत धरले जाते. पण ठाणे-कल्याण पट्ट्यातील ख्रिस्ती इतिहास त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि त्यातले एक ठळक पान इटलीहून आलेल्या माणसांचे आहे. पुढे बॅप्टिस्टांच्या हयातीत इटलीचे नाव पुन्हा एकदा महाराष्ट्रात गाजले, तेव्हा ते धर्माच्या नव्हे तर स्वातंत्र्याच्या संदर्भात, आणि त्या संदर्भातल्या एका खटल्यात बचावाच्या बाजूला हा बॅरिस्टर उभा होता.

सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक भाषक व्यापारी-लेखकाने 'कॅलियाना' नावाच्या बंदरात इराणहून नेमलेला बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रांताचा प्रमुख, असल्याची नोंद केली आहे, आणि हे बंदर म्हणजे आजचे कल्याण असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे शिलाहारांच्या काळात ठाणे, म्हणजे ताम्रपटांतील श्रीस्थानक, हे राजधानीचे ठिकाण झाले, तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या मार्को पोलोने या राज्यातील कातड्याच्या आणि सुती कापडाच्या व्यापाराबरोबर इथल्या चाचेगिरीचीही दखल घेतली, आणि चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हा मुलूख दिल्लीच्या सुलतानाच्या अंमलाखाली गेला. नेमक्या याच संधिकाळात, १३२१ साली, इराणच्या आखातातील होर्मुझ बंदरातून निघालेले जहाज ठाण्याच्या बंदराला लागले. त्यात तोलेंतिनो गावचा थॉमस, पाद्वाचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे इटलीचे तीन फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या पंथाचे संन्यासी होते, आणि त्यांच्याबरोबर कॉकेशसमधील तिफ्लिसचा दिमित्री हा दुभाषाही होता. त्यांना जायचे होते केरळमार्गे चीनला.

ठाण्यात त्या वेळी पूर्वेकडील नेस्टोरियन पंथाची काही ख्रिस्ती घरे होती, आणि त्यांपैकी एका घरी या पाहुण्यांचा मुक्काम पडला. त्या घरातील नवरा-बायकोच्या भांडणाचे प्रकरण काजीपुढे गेले, पाहुण्यांना साक्षीला बोलावण्यात आले, साक्षीतून धर्मावरचा वाद उभा राहिला, आणि त्याचा शेवट एप्रिल महिन्यात चौघांच्या हत्येत झाला. त्यांचा सहप्रवासी जोर्दानस हा डॉमिनिकन पंथाचा फ्रेंच धर्मोपदेशक त्या वेळी ठाण्याबाहेर होता. परतल्यावर त्याने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. ही हकिगत त्याच्या पत्रांतून युरोपात पोहोचली. घरगुती तंट्यातून एवढा अनर्थ ओढवावा यात त्या काळच्या राजकीय अस्थिरतेचाही वाटा असावा, आणि या घटनेकडे आज केवळ दोन धर्मांच्या झगड्याची गोष्ट म्हणून पाहणे हे इतिहासाला फार तोकडे करणे होईल.

यानंतर साधारण वर्षभराने ठाण्यास आलेला ओदोरिको हा इटलीच्या पोर्देनोने गावचा फ्रान्सिस्कन प्रवासी या चौघांच्या अस्थी बरोबर घेऊन चीनकडे निघाला. वाटेत एका घरी तो त्या अस्थींची गाठोडी उशाशी घेऊन झोपला असता घराला आग लागली आणि आपण बचावलो, तसेच समुद्रात वारा पडला तेव्हा त्यांतील एक अस्थी पाण्यात टाकताच शिडे भरली, असे त्याने सांगितले आहे. अशा चमत्कारांवर विश्वास ठेवणे न ठेवणे वाचकावर सोडले, तरी त्याची ठाण्याविषयीची निरीक्षणे मात्र अगदी जमिनीवरची आहेत. इथले उंदीर कुत्र्याएवढे मोठे असून त्यांच्यापुढे मांजरांचे काही चालत नाही, ते काम कुत्र्यांनाच करावे लागते, असे त्याने म्हटले आहे, आणि पावसाळ्यात गटारातून बाहेर पडणारी घूस पाहिलेल्या ठाणेकराला यात फारशी अतिशयोक्ती वाटणार नाही. ओदोरिकोने आपले प्रवासवर्णन १३३० साली पाद्वा येथे तोंडी सांगून लिहवून घेतले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. त्याच्या वर्णनाच्या प्रती युरोपभर पसरल्यामुळे ठाण्याचे नाव तिकडच्या वाचकांना पोर्तुगीज इथे येण्याच्या दोनशे वर्षे आधी ठाऊक झाले होते.

त्यानंतरचा लक्षणीय इटालियन पाहुणा तर पेशाने कायदेपंडितच होता. नेपल्स येथे कायद्याचे शिक्षण घेतलेला जोव्हान्नी फ्रान्चेस्को जेमेल्ली कारेरी न्यायखात्यातील नोकरीला कंटाळून जगप्रवासाला निघाला आणि १६९५ साली वसई, साष्टी (म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचे बेट) आणि कान्हेरीची लेणी पाहून गेला. कान्हेरीचे त्याने केलेले सविस्तर वर्णन युरोपीय वाङ्मयातील सुरुवातीच्या वर्णनांपैकी एक मानले जाते. वसईत चांगला वकील मिळत नसल्याने त्याने तिथेच लग्न करून स्थायिक व्हावे आणि मठांची व घराण्यांची वकिली करावी, असा आग्रह त्याला झाला होता. तो नाकारून हा गृहस्थ पुढे चीन, फिलिपाईन्स आणि मेक्सिकोकडे निघून गेला. त्याने जे काम सोडले, तेच काम, म्हणजे कायद्याचे ज्ञान समाजाच्या कामी लावणे, दोनशे वर्षांनी याच किनाऱ्यावर मूळ असलेल्या एका बॅरिस्टरने मोठ्या पटावर केले.

मधल्या काळात सत्ता बदलत गेली. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगिजांकडे आली व त्यांच्या अमदानीत धर्मांतरे झाली, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला. प्रत्येक बदलाबरोबर इथल्या ख्रिस्ती समाजाला नव्या राज्यकर्त्यांशी जुळवून घ्यावे लागले. इंग्रजी अमलात गोवा आणि मंगळूरकडून मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या कॅथलिकांशी आपली गल्लत होऊ नये आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारचे जुने प्रजाजन म्हणून आपला हक्क राहावा, या हेतूने या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले आणि १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. नाव कंपनीचे असले तरी लग्नातली गाणी मराठी, बायकांच्या अंगावर लुगडे, आणि उन्हाळ्यात कुटून वर्षभरासाठी काचेच्या बाटल्यांत ठासून भरलेला, म्हणूनच 'बॉटल मसाला' म्हटला जाणारा मसाला घरोघरी, असा हा संसार होता.

या समाजातून आलेल्या बॅप्टिस्टांनी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन सरकारी नोकरी केली, मग इंग्लंडला जाऊन केंब्रिजमध्ये अध्ययन केले आणि ग्रेज इन या संस्थेतून ते बॅरिस्टर झाले. ग्रेज इन म्हणजे लंडनमधील वकिलांच्या चार पुरातन मंडळांपैकी एक, जिथून बॅरिस्टरीची सनद मिळते. परतल्यावर मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली आणि सरकारी विधी महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच ते मुंबई महानगरपालिकेत गेले. पदाचा आणि पैशाचा मार्ग मोकळा असलेला ख्रिस्ती बॅरिस्टर टिळकांच्या गोटात जावा, हे त्या काळच्या अनेकांना अनाकलनीय वाटले असणार, कारण सरकारनिष्ठा ही ख्रिस्ती समाजाची ठेव आहे अशीच तेव्हाची सामान्य समजूत होती.

याच सुमारास इटलीचे नाव मराठी घरांत नव्या अर्थाने शिरले. तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या आणि परक्या सत्तेखाली दबलेल्या इटलीला एक राष्ट्र करण्याची एकोणिसाव्या शतकातील चळवळ, तिचा विचारवंत मॅझिनी आणि तिचा सेनानी गॅरिबाल्डी ही येथील सुशिक्षित तरुणांची दैवते झाली होती. स्वतः वकील असलेल्या न. चिं. केळकरांनी गॅरिबाल्डीचे चरित्र लिहिले, आणि लंडनमध्ये कायदा शिकणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले. ते १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधानंतर अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात, म्हणजे पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेल्या त्याच जुन्या किल्ल्यात, फाशी देण्यात आले. त्याच वर्षी या वधाशी जोडलेल्या खटल्यात मॅझिनीचा हा अनुवादक मुंबईत विशेष न्यायाधिकरणापुढे उभा राहिला, तेव्हा त्याच्या बचावाला आलेल्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. अशा खटल्यात आरोपीची बाजू घेणे म्हणजे सरकारची खप्पामर्जी ओढवून घेणे, हे समजण्याइतके ते नक्कीच जाणते होते.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा अध्यक्षपद बॅप्टिस्टांकडे आणि चिटणीसपद गॅरिबाल्डीचे चरित्रकार केळकर यांच्याकडे आले. होमरूल म्हणजे साम्राज्यात राहून आपला कारभार आपण करण्याचा हक्क, आणि त्यासाठी १९१७ मध्ये बॅप्टिस्टा इंग्लंडला जाऊन तेथील मजूर पक्षाच्या लोकांना भेटले. टिळकांची स्वराज्याची प्रसिद्ध घोषणा मुळात बॅप्टिस्टांना सुचली असे त्यांचे चाहते आवर्जून सांगतात. त्या श्रेयाचा निवाडा करणे अवघड असले, तरी त्यावाचून त्यांचे काही अडत नाही, कारण त्यांच्या कामाचा खरा कस कामगारांच्या प्रश्नांवर लागला. ऑक्टोबर १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे कामगार संघटनांची पहिली देशव्यापी मध्यवर्ती संस्था, उभी राहिली. तिच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. पुढच्या वर्षी कोळशाच्या खाणींच्या झरिया येथे भरलेल्या तिच्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले, आणि १९२४ मध्ये जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, आणि हेच पद १९३१ पासून महापौर या नावाने ओळखले जाऊ लागले.

१८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव आहे, आणि के. आर. शिरसाट यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. योगायोग असा की त्यांच्या मूळ गावी, उत्तनला, आज एका वकिलाच्याच नावाची संस्था उभी आहे. पण तो वकील म्हणजे ठाण्याचे खासदार राहिलेले, मतदारांपुढे दरवर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल ठेवणारे रामभाऊ म्हाळगी. १९८२ मध्ये त्यांच्या निधनानंतर स्थापन झालेल्या रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीत लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण दिले जाते. टिळकपंथीय कामगारनेता आणि जनसंघाचा कार्यकर्ता यांच्या राजकारणात अंतर असले, तरी निवडून आलेल्या माणसाने लोकांना उत्तर दिले पाहिजे या बाबतीत दोघांचेही मत एकच झाले असते. ठाणे-डोंबिवलीच्या शाळांतील मुले प्रबोधिनी पाहायला उत्तनला जातात तेव्हा त्याच गावच्या काका बॅप्टिस्टांविषयीही दोन शब्द सांगायला काय हरकत आहे, आणि ओदोरिकोच्या उंदरांची गोष्ट तर मुलांना हमखास आवडेल.