खोक्यावरचे वॉट, खोलीतला आवाज

अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा हवा, हे आधी स्पीकर ठरवतो. त्याच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा आकडा असतो: १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो. घरगुती स्पीकरमध्ये हा आकडा बहुधा ८५ ते ९० असतो, पण टोके लांब आहेत. बीबीसीने १९७० च्या दशकात घडवलेला चिमुकला एलएस३/५ए ८३ च्या आसपास अडतो. खोलीच्या कोपऱ्यात बसणाऱ्या अगडबंब क्लिप्शहॉर्नसाठी कंपनी १०५ सांगते. दर ३ डेसिबलला दुप्पट वॉट लागतात, १० डेसिबलला दसपट. म्हणून क्लिप्शहॉर्न जे काम १ वॉटमध्ये उरकतो, त्यासाठी बीबीसीच्या पेटीला दीडशेच्या वर वॉट पाहिजेत, आणि तेवढे तिला सोसणारही नाहीत.

याच हिशेबाने ५० ऐवजी १०० वॉट घेतले, तर पदरात पडतात ३ डेसिबल. कानाला फरक कळतो, इतकेच. फ्लॅटच्या हॉलमध्ये गाणे ऐकताना सरासरी १ वॉटही क्वचितच खर्च होतो. जास्तीची ताकद लागते ती क्षणभर: तबल्याची थाप सरासरीपेक्षा १५-२० डेसिबल वर उसळली, की त्या क्षणी तीस ते शंभरपट वॉट हवेत. ते नसले, तर लाटेचे माथे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. अशा आवाजात वरच्या पट्टीची ऊर्जा वाढते आणि ट्वीटरची, म्हणजे उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, नाजूक कॉइल जळते. त्यामुळे पिळून काढलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर बेताने वाजवलेल्या मोठ्यापेक्षा घातक. स्पीकरवरचे '१०० वॉट' ही सोसण्याची मर्यादा आहे, मागणी नव्हे.

स्पीकरच्या विद्युतरोधाकडे, म्हणजे ओहमकडेही पाहावे लागते. ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या दुप्पट करंट ओढतो. स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर तिथे तापतो.

दिवाळीच्या ऑफरमध्ये वॉटपुढे लिहिलेला 'पीएमपीओ' (क्षणिक कमाल ताकदीचा दावा) मात्र निव्वळ थाप. त्यामागे कोणतेही सर्वमान्य मापन नाही. खोक्यावर हजारो वॉट आणि मागच्या स्टिकरवर '२३० व्होल्ट, ६० वॉट' असेल, तर भिंतीतून ६० घेणारे यंत्र सलग हजार देणार कुठून? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा जाहिरातबाजीला १९७४ मध्येच नियम लावला; २०२४ च्या सुधारणेनुसार जाहिरातीतले वॉट ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत आणि १ टक्क्याहून कमी विकृतीसह मोजलेले असावे लागतात. दुकानात विचारायचे ते हेच तीन आकडे.