साडेपाचला थांबणारी बोट

कार्तिकी एकादशीला खालापूर तालुक्यातल्या साजगावची यात्रा भरते. विठोबाचं दर्शन घेऊन परतणाऱ्यांच्या पिशव्यांत सुके बोंबील, सोडे, जवळा असतो; इथल्या देवाला 'बोंबल्या विठोबा' म्हणतात ते उगीच नाही. खाडी अशी दरवर्षी खालापुरात बाजाराला येते. खालापूरकरांनी खाडीवर हाऊसबोटीत मुक्कामाला जायचं ठरवलं, तर त्यांनाही दिवाळीच्या सुट्टीचे हेच दिवस बरे. आपल्याकडे पाऊस गेलेला असतो आणि पाणी निवळलेलं.

नदी तशी दारातच आहे. खोपोलीचं टाटांचं वीजघर 1915 साली सुरू झालं; त्यातून सुटणाऱ्या पाण्यामुळे पाताळगंगा भर उन्हाळ्यातही वाहती असते. पण खडकाळ, उथळ पात्रात हाऊसबोट चालत नाही. तिला रुंद, संथ पाणी लागतं.

महाराष्ट्रात असं पाणी मालवण तालुक्यात कर्ली नदीच्या मुखाशी आहे. पनवेलला रात्री कोकण रेल्वेची गाडी पकडली की सकाळी कुडाळ. तिथून तारकर्ली आणि पुढे देवबाग: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. राज्याच्या पर्यटन महामंडळाने केरळच्या धर्तीवर इथे हाऊसबोटी आणल्या. मुखाजवळ 'त्सुनामी बेट' नावाचा वाळूचा पट्टा आहे. नाव मोठं, पण भरती आली की बेटाचा बराचसा भाग पाण्याखाली. म्हणून इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीची वेळ विचारावी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर चढतं, हे होडीवाल्याला पाठ असतं.

ज्या बोटींची ही नक्कल, त्या अस्सल बोटी केरळात, आलप्पुळाला. त्यांचं नाव केट्टुवळ्ळम, म्हणजे बांधलेली होडी. रानफणसाच्या जातीतल्या आंजिलीच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवायच्या, खिळा मारायचा नाही, वरून काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचं. या बोटी भाताची पोती वाहायच्या. रस्ते आणि पूल झाले तशा त्या बेकार झाल्या. 1990 नंतरच्या दशकात पर्यटन वाढलं, तेव्हा त्यांच्यावर बांबू-चटयांचं छप्पर चढवून आत खोल्या, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर केलं गेलं. आज बहुतेक बोटी मुळात पर्यटकांसाठीच बांधलेल्या असतात, पण घाट जुना.

भातशेतीच्या गावातून आलेल्या माणसाला इथे सर्वांत मोठं नवल वाटतं ते शेताचं. बोटीच्या कठड्यावरून पाहावं तर भाताची खाचरं नदीच्या पातळीच्या खाली! आलप्पुळाच्या भोवतालच्या कुट्टनाडची ही शेती समुद्रसपाटीपेक्षा दीड-दोन मीटर खोलात होते. भोवती बांध घालून आतलं पाणी पंपाने उपसतात. आपल्याकडे भात झोडून कणगीत पडतं, तेव्हा तिथे उपसा आणि पेरणीची धांदल चालू असते. या पद्धतीला 2013 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा शेतीवारसा मानलं. बेटांसारख्या दिसणाऱ्या या बांधांवर घरं आहेत. शाळेला, दवाखान्याला, बाजाराला जायचं तर होडीतून.

आलप्पुळाची बोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला बांधतात. 'एवढे पैसे मोजले आणि फिरवलं फक्त पाच तास' अशी कुरकूर तेव्हा हमखास ऐकू येते. ती अस्थानी आहे. रात्र मच्छीमारांची असते. त्यांच्या जाळ्यांत बोटीचा पंखा अडकू नये म्हणून ही शिस्त. खरं तर कुटुंबाला फावतो तो हाच वेळ. मुलांना गळ टाकता येतो, आजी-आजोबांना बांधावरून चार पावलं चालता येतं आणि खानसाम्याकडे करीमीन माशात तिखट कमी घालायचं गाऱ्हाणं मांडता येतं.

बोट ठरवताना खोल्यांचे फोटो सगळेच पाहतात. त्याहून महत्त्वाचे प्रश्न तीन. प्रत्येक माणसाला, लहान मुलांच्या मापाचंसुद्धा, लाइफ जॅकेट आहे का? परवाना चालू वर्षाचा आहे का? आणि संडासाचं पाणी टाकीत जातं की थेट खाली? या बोटी फिरतात ते वेंबनाड सरोवर 2002 पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, पण समुद्राचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कमचा बंधारा सुट्टीच्या हंगामातले काही महिने बंद ठेवतात. मग भरती-ओहोटीने घाण वाहून जात नाही, जलपर्णी माजते. त्याच पाण्यावर काठची बाई भांडी घासत असते.

एवढ्या लांबचा खर्च नको असेल, तर गोव्यात मांडवीची फेरीबोट आहे. रायबंदरहून दिवाडी किंवा चोडण या बेटांवर काही मिनिटांत उतरता येतं. चोडणच्या पश्चिम टोकाला सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे; खारफुटीतून जाणारी तिथली वाट सकाळी लवकर गाठावी.