पंप बिघडला, की पाणी खाली गेले?

चैत्र सरून वैशाखाचे ऊन तापू लागले, की आमच्या बेळगावच्या जुन्या वस्त्यांतून एक वाक्य दर दोन-चार घरांआड कानी पडू लागते : "मोटार चालू आहे, पण पाणी येत नाही." शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी या भागांत परसदारी विहीर किंवा आड असणे ही पूर्वापार रीत. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा त्याच्या पाण्यासाठी विहीरच खोदण्यात आली. ती काँग्रेस विहीर म्हणून आजही ओळखली जाते. पुढे राकसकोपचे आणि हिडकलचे पाणी नळाने आले, तरी विहिरीची सोबत सुटली नाही. फक्त रहाट गेला, पोहरा आणि दोर माळ्यावर गेले, आणि त्यांच्या जागी अर्ध्या वा एका अश्वशक्तीचा पंप येऊन बसला.

रहाटाचे दुखणे डोळ्यांस दिसे. दोर झिजला, चाक कुरकुरले, की घरातील शाळकरी मुलासही ते कळे. पंपाचे सर्व काही लोखंडी कवचाच्या आत चालते. त्यामुळे तो रुसला, की घरातील मंडळी हवालदिल होतात आणि मिस्त्रीची वाट पाहू लागतात. उन्हाळ्यात मिस्त्री म्हणजे लग्नसराईतला आचारी. आज बोलावला तर परवा येणार. तोवर दोन मजले कळश्या चढविण्याचे काम घरच्या स्त्रियांच्याच वाट्यास येते, हे कोणी निराळे सांगावयास नको.

वास्तविक पंप हे यंत्र आम्हां बेळगावकरांस परके वाटू नये. पंपांच्या निर्मितीत पुढे ज्या किर्लोस्करांचे नाव देशभर झाले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली याच गावात सायकलींच्या दुकानाने झाली. १९१० मध्ये कारखाना कुंडल रोडला गेला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. असो. सांगावयाचे ते इतकेच, की पंपाची दुरुस्ती जरी मिस्त्रीने करावयाची असली, तरी पंपाची परीक्षा घरच्या माणसास करता येते. आणि ती केली, तर पुष्कळदा असे आढळते की बिघाड पंपात नसतोच.

पंप पाणी ओढतो काय?

विहिरीच्या काठावर बसविलेला पंप खालचे पाणी वर ओढून घेतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. पंपातील चक्र फिरू लागले, की आतील पाणी बाहेर फेकले जाते आणि त्याच्या जागी हवेचा दाब कमी होतो. विहिरीतील पाण्यावर बाहेरच्या वातावरणाचा दाब सतत असतोच. तो दाब पाण्याला नळीतून वर ढकलतो. म्हणजे पाणी वर चढविणारा हात पंपाचा नसून वातावरणाचा आहे. पंप केवळ वाट मोकळी करून देतो.

या हाताची लांबी ठरलेली आहे. इटलीतील तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून वातावरणाचा दाब सुमारे ७६ सेंटिमीटर पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो, असे दाखविले. पाण्याच्या हिशेबाने हाच स्तंभ सुमारे १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट होतो. ही गोष्ट समुद्रसपाटीची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच; येथे हवा तितकी विरळ, म्हणून हा स्तंभ साडेनऊ मीटरांच्या आसपासच येतो. त्यातून नळीतील घर्षण, वळणे, झडपेचा अडथळा हे सर्व वजा जाता घरगुती पंपास सहा-सात मीटर, म्हणजे २० ते २३ फुटांपर्यंत पाणी सुखाने घेता येते. त्यापुढे त्याची ओढाताण सुरू होते.

यावरून एक महत्त्वाचे अनुमान निघते. पाणी या मर्यादेखाली गेले, तर अर्ध्या अश्वशक्तीच्या जागी दहा अश्वशक्तीचा पंप काठावर बसविला, तरी तो उणीव भरून काढू शकत नाही. पंप मोठा केल्याने वातावरणाचा दाब मोठा होत नाही. पाणी पंपाच्या पुढे किती उंच चढेल हे अश्वशक्तीवर अवलंबून आहे. ते पंपापर्यंत येईल की नाही, हे नव्हे.

हे न कळल्यामुळे पैसा कसा वाया जातो, याचे एक उदाहरण आम्ही जवळून पाहिले आहे. वडगाव भागातील एका परिचितांच्या घरी एप्रिलमध्ये पाणी चढेनासे झाले. प्रथम मोटारीचे वेटोळे नव्याने भरून आणले, पाणी नाही. मग दुकानदाराच्या सल्ल्याने अर्ध्याच्या जागी एक अश्वशक्तीचा नवा पंप आणला, तरीही नाही. शेवटी एका वयोवृद्ध मिस्त्रीस बोलावले. त्याने पंपास हातही न लावता दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला, दोरी हातांनी मोजली आणि म्हणाला, "वहिनी, पंपाला काय झालेलं नाही. पाणी एकोणतीस फुटांवर गेलंय. रस्ता लांबला, तर घोडा बदलून काय उपयोग?"

"मग मामा, आता करायचं काय?" गृहिणीने विचारले.

"पंप खाली उतरवायचा. पाणी वर येत नसेल, तर आपणच त्याच्याकडं जायचं."

विहिरीच्या आतील बाजूस लोखंडी कोनांवर बैठक करून जुनाच पंप बारा फूट खाली बसविला आणि त्याच सायंकाळी टाकी भरली. नवा पंप माळ्यावर गेला. अशा रीतीने खाली उतरविलेला पंप मृग लागण्यापूर्वी आठवणीने वर घ्यावयास हवा, नाही तर पावसाळ्यात चढणारे पाणी त्यास बुडविते. हा व्याप नको असेल, तर पाण्यात बुडून राहणारा पंप हा दुसरा मार्ग. तो पाण्याखाली बसून पाणी वर लोटतो, त्यामुळे वातावरणाच्या मर्यादेचा प्रश्नच त्यास पडत नाही. मात्र तो पंप स्वतंत्र दोराने टांगावा. विजेच्या तारेवर त्याचा भार कदापि येऊ देऊ नये.

प्रथम कान, मग डोळे

पंप चालेनासा झाला, तर सर्वप्रथम कान द्यावा. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, नुसते गुणगुणणे आहे, की मोटार नेहमीसारखी फिरते पण पाणी नाही? या तीन अवस्थांची तीन निराळी कारणे आहेत.

काहीच आवाज नसेल, तर दोष बहुधा विजेच्या वाटेवर असतो : पुरवठा बंद, फ्यूज वितळलेला, किंवा स्वयंचलित खटका पडलेला. खटका एकदा उचलून पाहावा. तो पुन्हा पडला, तर पुनःपुन्हा उचलू नये. तो पडतो याचा अर्थ तो आपले काम करीत आहे. दोष पुढे कोठे तरी आहे आणि तो विजेच्या जाणकारानेच शोधावयाचा आहे.

मोटार गुणगुणते पण फिरत नाही, तर ती तत्काळ बंद करावी. या अवस्थेत दोन-चार मिनिटेही तशीच ठेवली, तर आतील वेटोळे जळण्याचा संभव असतो, आणि थोडक्यात निभावणारा खर्च हजारांवर जातो. मुख्य खटका बंद करून मोटारीच्या मागील टोकाकडून दांडा हाताने फिरतो का, हे पाहावे. पावसाळाभर न चाललेल्या पंपात गंज धरून चक्र अडकून बसलेले असते. ते सावकाश सुटले, की पंप पूर्ववत चालतो. दांडा मोकळा फिरत असेल, तर दोष बहुधा कपॅसिटरचा किंवा कमी व्होल्टेजचा. कपॅसिटर मोटारीस पहिला धक्का देतो. तो जुना झाला, की मोटार उभीच राहत नाही. तो बदलण्यास खर्च अल्प येतो, परंतु वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार शिल्लक राहतो, म्हणून त्याच्या टोकांस घरच्या माणसाने हात लावू नये.

मोटार छान फिरते पण पाणी नाही, ही तिसरी अवस्था सर्वांत अधिक आढळणारी. येथे मोटारीस दोष देण्याचे कारणच नाही. पंपाने हवा धरली आहे, एवढाच तिचा अर्थ. ही हवा कोठून आली, ते शोधावयाचे.

फूटव्हॉल्व्हची परीक्षा

विहिरीत सोडलेल्या नळीच्या तळाशी एक एकतर्फी झडप असते. तिला फूटव्हॉल्व्ह म्हणतात. ती पाणी वर येऊ देते, परत खाली जाऊ देत नाही. पंप बंद असताना नळी भरलेली राहते ती हिच्यामुळे. पालापाचोळ्याचा तुकडा, वाळूचा कण किंवा झिजलेले वॉशर यांमुळे झडप नीट मिटली नाही, की रातोरात नळी रिकामी होते आणि सकाळी पंप नुसताच फिरतो.

परीक्षा सोपी आहे. खटका बंद करावा. पंपावरील पाणी भरण्याचे बूच काढून तोंडापर्यंत पाणी भरावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. पाणी खाली गेले, तर झडप किंवा नळी गळते आहे. काठावरचे सांधे बारकाईने पाहावेत. जेथून पाण्याचा थेंब बाहेर झिरपतो, तेथूनच पंप चालू असताना हवा आत शिरते. सांधे कोरडे असतील, तर नळी वर घेऊन फूटव्हॉल्व्ह साफ करावा. पाणी तसेच टिकून राहिले, तर झडप निर्दोष आहे. मग दोरी आणि दगड घेऊन पंपाच्या मध्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. हे मोजमाप पंप चालल्यानंतर पुन्हा घ्यावे, कारण उपशाने पातळी आणखी उतरते. झडप पाण्यात दोन फूट तरी बुडालेली आणि गाळापासून फूटभर वर असावी.

पाणी येत नसता पंप चालू ठेवणे मात्र सर्वथा वर्ज्य. आतील सील पाण्यानेच थंड राहते. कोरडा पंप थोड्याच वेळात ते जाळून टाकतो.

जिवाशी खेळ नको

येथपर्यंत पैशाची गोष्ट झाली. परंतु पाणी आणि वीज जेथे एकत्र येतात, तेथे जिवाचा प्रश्न असतो. पंपाच्या कवचास हात लावताच झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेक घरांत हसण्यावारी नेली जाते. ती झिणझिणी म्हणजे अखेरची सूचना समजावी. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसास ती प्राणघातक ठरू शकते. पंपास स्वतंत्र व सुस्थितीतील अर्थिंग असावे आणि गळणारा प्रवाह ओळखून क्षणार्धात पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपियरचे आर. सी. सी. बी. हे उपकरण घरात बसवून घ्यावे. पाण्यातील पंप चालू असताना विहिरीत कोणी उतरू वा पोहू नये.

दुसरी गोष्ट विहिरीत उतरण्याची. खोल, अरुंद, दीर्घकाळ न उपसलेल्या आडात प्राणवायू कमी होऊन दूषित हवा साचते. कंदील सोडून पाहण्याची जुनी चाल प्राणवायूची उणीव दाखविते, परंतु कंदील तेवत राहिला म्हणजे विषारी वायू नाहीच, असे ठरत नाही. विहिरीच्या आत डिझेल वा पेट्रोलचे इंजिन चालविणे तर मृत्यूस आमंत्रण होय. आणि आत कोणी बेशुद्ध पडला, तर घाईने दुसऱ्याने उडी घेऊ नये. अशा प्रसंगी एकामागून एक माणसे गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. अग्निशामक दलास बोलवावे आणि उतरणाऱ्याच्या कमरेस आधीपासूनच दोर असावा.

एक वही ठेवा

शेवटी आमच्या शाळामास्तरी स्वभावास धरून एक सूचना. पंपाशेजारी खिळ्यास एक लहान वही टांगावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दोनच आकडे तीत लिहावेत : पाणी किती फुटांवर आहे, आणि रिकामी टाकी भरण्यास किती मिनिटे लागली. घरातील सातवी-आठवीच्या मुलाकडे हे काम सोपवावे. विज्ञानाचा याहून चांगला गृहपाठ आम्हांस तरी सुचत नाही.

समजा, ऑक्टोबरमध्ये टाकी चाळीस मिनिटांत भरत होती आणि मार्चमध्ये पंचावन्न मिनिटे लागली. त्या काळात पाणीही दहा फूट उतरले असेल, तर ही ऋतूची गती आहे, पंप निर्दोष. परंतु पातळी होती तेथेच आणि वेळ मात्र वाढला, तर जाळी तुंबली आहे, चक्र झिजले आहे, सांध्यातून हवा येते आहे किंवा व्होल्टेज उतरले आहे. आणि वहीतील आकडा वीस फुटांकडे झुकू लागला, की पंप उतरविण्याची तजवीज पाडव्यापूर्वीच करावी. वैशाखात मिस्त्रीच्या दारी उभे राहण्याची पाळी येणार नाही.

अशी वही समोर ठेवली, तर मिस्त्रीही अंदाजाने काम करीत नाही. काय पाहावयाचे ते त्यास ठाऊक होऊनच तो पंपास हात लावतो. पाठ आला नाही, की मूल मठ्ठ ठरविण्यापूर्वी त्याची न्याहारी झाली होती का, हे आम्ही शिक्षक विचारतो. पंपास नावे ठेवण्यापूर्वी विहिरीस तेवढे एकदा विचारावे.