दुकानदाराची लेखणी

बेळगावात सायकलींचे दुकान चालविलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. तेथून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची वार्ता देणारे ते पत्र वाचकांस इतके रुचले की १९२९ पासून तेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. व्यापाऱ्याच्या लेखणीचे सामर्थ्य ते हेच!

आज ग्राहक घरबसल्या भाव ताडून पाहतो. भावात मोठ्या पेढ्यांशी टक्कर देणे लहान दुकानास अवघड. परंतु धान्याची पारख हे आपले पिढीजात भांडवल आहे. ते आपण गादीवर बसून तोंडी वाटतो, लिहून मात्र ठेवीत नाही.

‘आमचा माल उत्तम’ हे वाक्य कोणी वाचीत नाही. जुना तांदूळ पाणी अधिक घेऊन मोकळा शिजतो, नव्याचा भात चिकटतो. कडधान्यास ऊन दिल्यावर ते पुरते निवल्याखेरीज डबा बंद करू नये, एरवी आत दमटपणा राहून भुंगा लागतो, हे लिहिले तर गृहिणी तो कागद जपून ठेवील.

एका लेखात एकच प्रश्न घ्यावा. तोही गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. उत्तर आरंभीच द्यावे. मालाचे उणेही सांगावे. ‘पुलावास नवा तांदूळ नेऊ नका’ असे जो लिहितो, त्याच्या इतर शब्दांवरही विश्वास बसतो.

बंधुहो, येत्या दीपावलीस नव्या चोपड्यांशेजारी एक कोरी वही ठेवा आणि गिऱ्हाइकांचे प्रश्न तीत टिपा. वर्षभराच्या लेखनाचे बियाणे तेथेच मिळेल.