स्वच्छ रिपोर्टातला आजार

मुलांच्या किडनीच्या ओपीडीत आई बहुतेक वेळा लघवीचा रिपोर्ट घेऊनच येते. प्रथिनं नाहीत, रक्त नाही, पू-पेशी नाहीत. मुलाच्या अंगावर सूज नाही. मग किडनीच्या डॉक्टरकडे कशाला पाठवलं, हा तिचा प्रश्न रास्तच असतो. पण नेफ्रोनोफ्थायसिस हा दुर्मीळ आनुवंशिक आजार अशाच स्वच्छ रिपोर्टाआड वर्षानुवर्षं दडून राहतो. दिसतं ते एवढंच, की उंची खुंटली आहे, चेहरा पांढुरका पडलाय आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन हलत नाही.

म्हणून मी आधी रात्रीबद्दल विचारते. ‘‘उशाशी पाणी घेऊन झोपतोस का रे?’’ मुलगा आईकडे बघतो. ‘‘तांब्या भरून ठेवते मॅडम, तोही पुरत नाही.’’ मग आवाज खाली आणून ती सांगते, की आठवीत गेलेल्या पोराचं अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलंय. त्यावरून घरात त्याला बोलणी बसतात, कधी मारही. मला याचं फार वाईट वाटतं. पाणी अडवून लघवी दाट करणाऱ्या नलिकाच त्याच्या किडनीत झिजत चाललेल्या असतात. त्यांच्या पेशींवरच्या सूक्ष्म रोमांचा दोष जन्मापासूनचा.

त्या स्वच्छ रिपोर्टातच विशिष्ट गुरुत्वाची एक ओळ असते. निरोगी मुलाच्या पहाटेच्या पहिल्या लघवीत तो आकडा सहसा 1.020 च्या वर जातो. या मुलांचा 1.010 च्या आसपासच रेंगाळतो. (त्यासाठी घरी मुलाचं पाणी तोडून बघू नये, ते धोक्याचं आहे.)

मग क्रिएटिनिन. एका मुलाचं 1.1 होतं, शेजारी छापलेली मर्यादा 1.2. त्याला भिंतीशी उभं करून उंची मोजली, 128 सेंटिमीटर. उंचीला 0.413 ने गुणायचं आणि क्रिएटिनिनने भागायचं. उत्तर आलं 48. निरोगी मुलात ते 90 च्या वर असतं. किडनीचं जवळपास निम्मं काम थांबलं होतं आणि कागद नॉर्मल सांगत होता, कारण मर्यादा मोठ्या माणसांची होती. मुलांच्या रिपोर्टावर ती छापणं बंद व्हायलाच हवं.

सोनोग्राफीत किडनी पांढुरकी दिसते, आतल्या-बाहेरच्या भागांमधली सीमा पुसट होते. जनुकीय तपासणीत निदान पक्कं झालं, तर बायोप्सी टळते. रातांधळेपणा असू शकतो, म्हणून डोळेही तपासायचे. ‘मामाची मुलगी केलीय का?’ हेही विचारावं लागतं. दोष आई आणि वडील दोघांकडून आलेला असतो, एकट्या आईकडे बोट दाखवायचं कारण नाही.

किडनी म्हटलं की शेजारीपाजारी मीठ-पाणी तोडायला सांगतात. या मुलांच्या शरीरातून दोन्ही वाहून जातं, त्यामुळे सुरुवातीच्या काळात ते तोडणं घातक. जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच दवाखाना गाठायचा. शाळेलाही चिठ्ठी देते, वर्गात पाण्याची बाटली आणि मागेल तेव्हा लघवीला सुट्टी.

मुळावर औषध नाही. सोड्याच्या गोळ्या, रक्तवाढीची इंजेक्शनं, उंचीसाठी ग्रोथ हॉर्मोन यांवर काही वर्षं निभावतं, पुढे प्रत्यारोपण. नव्या किडनीत हा आजार परतत नाही आणि तपासण्या जुळल्या तर आई किंवा वडील किडनी देऊ शकतात. भावंडाची मात्र आधी जनुकीय तपासणी हवी. प्रत्येक भावंडाला हाच आजार असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात धाकटीलाही घेऊन या, असं मी सांगते.